न झालेल्या लग्नाचे रोडगे

रविवार, नऊ फेब्रुवारी. वलगाव, दादाचं घर, सकाळचा चहा झाल्यावर.

हजर: आई, दादा, वहिनी, तेल्हाऱ्याहून मुद्दाम आलेली मावशी आणि मी.

गैरहजर: नवरदेव.

नवरदेवाची गैरहजेरी नवीन नव्हती. मी पन्नाशी ओलांडली तरी तो आलेला नाही, आणि आता येण्याची शक्यता मी धरत नाही. आमच्या घरात मात्र त्याचं पान अजून मांडून ठेवलेलं होतं. बैठक त्यासाठीच होती.

मी पंचविशीत असताना आईने गावाबाहेर, नाल्याकाठच्या आसरामायेला नवस बोलला होता. पोरीचं लग्न होऊ दे, तुझ्या दारात पायलीभर कणकेचे रोडगे करीन. रोडगे म्हणजे कणकेचे घडी घातलेले गोळे, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, राख झटकायची, तूप घालून कुस्करायचे आणि वांग्याच्या भाजीशी खायचे. आमच्याकडे देवाचं काही फेडायचं असलं की बहुतेक वेळा रोडगेच होतात. नवस बोलल्यावर आईने एक सुपारी आणि एक रुपया जुन्या लुगड्याच्या चिंधीत बांधून देवघरात मागच्या बाजूला ठेवला. नवस फिटला की ज्या हाताने गाठ मारली त्याच हाताने सोडायची, अशी रीत.

आईने आयुष्यात पुष्कळ नवस बोलले. विहिरीला पाणी लागावं म्हणून, दादाचा मुलगा काविळीतून उठावा म्हणून, एकदा तर म्हशीसाठी. सगळ्यांच्या गाठी सुटल्या. माझीच राहिली. या हिवाळ्यात न्युमोनियाने आईला अमरावतीच्या दवाखान्यात राहावं लागलं. घरी आली ती एकच गोष्ट धरून: देवीचं डोक्यावर ठेवून मी जात नाही.

मावशीने तोडगा आणला होता.

"त्याच्यात काय हाये एवढं?" मावशी म्हणाली. "मातीचा माठ आणाचा. त्याले मुंडावळ्या बांधाच्या. भटजी मंगलाष्टकं म्हणते, हे हार घालते. मंग माठ नाल्यात सोडून द्याचा. अर्ध्या घंट्यात लगन बी झालं अन् नवस बी मोकळा. तेल्हाऱ्यात एकीनं केलं असंच."

"अन् मी?" मी विचारलं.

"तू काय? तू संध्याकाळच्या गाडीनं अकोल्याले जाय."

वहिनी हसल्या. दादा हसला नाही. त्याला ही योजना आधीच सांगून झालेली होती, हे त्याच्या मान खाली घालून बसण्यावरून दिसत होतं.

"मी माठाशी लगन नाही करत," मी म्हणाले.

"काहून? माठात काय खोड हाये? पेत नाही, मारत नाही."

"पाणी तरी थंड देते," वहिनी म्हणाल्या.

"पाय बाई," दादा पहिल्यांदा बोलला, "कोणाले सांगाचंच नाही. घरच्या घरी करू. आईचा जीव तठी अटकला हाये."

"खोटं लगन लावून सुटते काय तो जीव?"

"तुले खरंखोटं सुचून राह्यलं. तिले मरण सुचून राह्यलं."

आई इतका वेळ चिंधी हातात घेऊन अंगठा गाठीवरून फिरवत होती. मग उठली, गाठ देवांच्या मागे परत ठेवली आणि आमच्याकडे पाठ करूनच म्हणाली, "राहू द्या. तिच्या मनाविरुद्ध नको. मी अशीच जाईन."

आईचं हे बोलणं मला मावशीच्या माठापेक्षा जड गेलं. पण मी संध्याकाळच्या गाडीने अकोल्याला आले, माठाला हार न घालता.

अकोल्यात मी एका सरकारी कार्यालयात भांडारपाल आहे. पाइप, व्हॉल्व्ह, नटबोल्ट, ताडपत्र्या, फावडी असं सगळं माझ्या ताब्यात असतं. वर्षातून एकदा साठ्याची पडताळणी होते. तिचा नियम सोपा आहे. नोंदवहीत काय लिहिलंय ते बाजूला ठेवायचं आणि मांडणीवरच्या वस्तूला हात लावून मोजायचं. नोंदीत असलेलं पुष्कळदा मांडणीवर नसतं. मांडणीवर असलेलं कधीकधी नोंदीतच नसतं.

माझ्या जगण्याचीही मी अशीच पडताळणी करते. याची सवय आमच्या रविवारच्या मंडळाने लावली. आम्ही पाचजणी आहोत. चांगलं जगणं म्हणजे काय, या प्रश्नावर जे जे लिहिलेलं हाती लागेल ते माझ्या घराच्या गच्चीवर बसून वाचतो. जुन्या ग्रीकांचं, आपल्याकडच्या संतांचं, आणि बसस्टँडवर मिळणारी यशाची पुस्तकंही. एखादा विचार 'आवडला' असं म्हणायला मंडळात बंदी आहे. आधी महिनाभर वापरायचा, मग बोलायचं.

या नियमाने पुष्कळ विचार गळाले. पहाटे उठण्याचा प्रयोग मी केला. भांडारात टेबलावर डोकं ठेवून झोपले तेव्हा तो संपला. आरशासमोर उभं राहून स्वतःला शाबासकी देण्याचं एकीने केलं, तर तिच्या सासूने दृष्ट काढली. विश्वाकडे मनापासून मागा, विश्व देतं, असं एका पुस्तकात होतं. मी भांडारासाठी शिडी मागत होते. विश्वाचं राहू द्या, वरच्या कार्यालयानेही दिली नाही.

काही मात्र टिकले. आपल्या हातात काय आहे आणि काय नाही, हे रोज सकाळी वेगळं करायचं. धिटाईची लहान लहान कामं करत गेलं की माणूस धीट होतो, आधी धीट होऊन मग कामं करायची नसतात. माणसाचं भलं झालं की नाही, हे एका दिवसावरून किंवा एका समारंभावरून ठरत नाही. सगळं मिळून पाहावं लागतं. आणि आमच्या मंडळाचा स्वतःचा एक नियम: समोरच्याचं म्हणणं आधी आपण मांडायचं, इतकं नीट, की तो म्हणाला पाहिजे, हो, हेच. त्यानंतर खोडायचं असेल तर खोडायचं.

लग्न मला नकोच होतं असं नाही. काही स्थळांनी मला नाकारलं, काहींना मी. एकाने पोहे खाता खाता विचारलं, लग्नानंतर वाचन बंद कराल ना, चष्म्याचा नंबर वाढतो. मी त्याला विचारलं, तुमचा नंबर किती? त्याच आठवड्यात मी आईला सांगितलं, आता पोहे बंद. तो हरल्याचा दिवस नव्हता. त्या दिवशी मी पहिल्यांदा स्वतः काही ठरवलं होतं.

लोकांना वाटतं, माझ्या आयुष्यात लग्नाच्या जागी एक खड्डा आहे, आणि नोकरी, मंडळ, पुस्तकं, गच्चीवरची टमाट्याची झाडं ही सगळी त्या खड्ड्यात टाकलेली भर आहे. हे मी साफ नाकारते. तिथे खड्डा नाही. तिथे जमीन आहे आणि मी तिच्यात पेरलेलं आहे. 'एकटी असून किती छान राहते' असं कोणी म्हणालं की मी 'असून' हा शब्द परत करते.

पुढच्या रविवारी गच्चीवर मी माठाची हकीकत सांगितली. सगळ्या पोटभर हसल्या. मग माझी जुनी मैत्रीण, जी औषधाचं दुकान चालवते आणि गोड बोलणं जिला जमत नाही, ती म्हणाली, "घाल गं हार माठाला."

"काय?"

"आईला शांत झोप लागणार असेल तर अर्धा तास नाटक करायला तुझं काय जातं? साहेबाच्या वाढदिवसाला टाळ्या वाजवतेसच की."

"त्या टाळ्यांनी माझ्या आयुष्याचा निकाल लागत नाही."

"माठाने लागतो?"

"लागतो. माठाला हार घातला की मी कबूल केलं, की आजवर जगले ते सगळं लग्न होईपर्यंत नुसतं बाकावर बसणं होतं. ते कबूल करायला मी तयार नाही. आईसाठीसुद्धा नाही."

"बरं. माठ बाद. मग आईचं काय?"

"आईचं मन माझ्या हातात नाही."

"हे तू फार लवकर बोललीस," ती म्हणाली. "हातात नाही, असं म्हणायच्या आधी हात लावून पाहिलास का? का नोंदवहीतूनच सांगून राहिलीस?"

बाकीच्या तिघी माझ्याकडे पाहायला लागल्या. माझंच हत्यार, माझ्याच गच्चीवर. मी दुसऱ्या दिवशी रजेचा अर्ज टाकला.

वलगावला पोचले तेव्हा आई अंगणात सूप घेऊन तूर पाखडत होती. दादा शेतावर, वावरात गेला होता, वहिनी आत होत्या. मी तिच्यासमोर बसले आणि सुपातले खडे वेचायला लागले. मीच सुरुवात केली, मंडळाच्या नियमाने.

"आई, तुले असं वाटते, की देवीसमोर बोललेला शब्द मागं घेता येत नाही. तू गेली तं तो शब्द माह्या अंगावर येईन, माह्यानंतर दादाच्या पोरायच्या. म्हणून तुले तो जितेपणीच मोकळा करायचा हाये. माठ तुलेही आवडला नाही, पण दुसरी वाट दिसत नाही. बराबर?"

सुपाचा आवाज थांबला.

"बराबर," आई म्हणाली. "माठाचं तुले कोनं सांगतलं?"

"तुह्या तोंडावर दिसत होतं."

"मावशी पह्यलेपासूनच बह्याड हाये," ती म्हणाली आणि पुन्हा पाखडायला लागली.

"आता माह्यं आयक. नवस म्हणजे तू देशीन तं मी देईन. तू लगन मागतलं. ते झालं नाही. मंग देवीचं तुह्याकडे काहीच निघत नाही. तू मोकळीच हायेस. आजची नाही, पह्यलेपासून."

हे मी बसमध्ये मूर्तिजापूरपासून घासूनपुसून तयार केलं होतं. त्यात कुठे फट नव्हती. आईला आता फक्त हो म्हणायचं होतं.

आईने सुपातली फोलं उडवली. "म्हणजे देवीनं माह्यं आयकलंच नाही."

"नाही आयकलं."

"माह्या पोरीले काहीच देल्लं नाही."

"लगन देल्लं नाही."

"मी काय इचारून राह्यली? काहीच देल्लं नाही काय?"

आईने सूप खाली ठेवलं आणि पदराने हात पुसले. एवढ्या वर्षांत तिने माझ्या अकोल्याच्या घराबद्दल कधी धड विचारलं नव्हतं. लग्नाआधीच्या मुक्कामाची चौकशी काय करायची, असंच तिला वाटत असावं. त्या दिवशी तिने एकेक वस्तू हातात घेऊन पाहिल्यासारखं विचारलं.

"दोन टाइम सैपाक करतं?"

"हो. रविवारी पाचजणींचा."

"दाराची कडी लावताना भेव वाटते?"

"नाही."

"बिमार पडली तं?"

"मागच्या पावसाळ्यात ताप आला तं मैत्रिणींनी पाळ्या लावल्या. दवाखान्यातली बाई म्हणाली, एका पेशंटमागं एवढे नातेवाईक नको."

"मले काहून नाही सांगतलं?"

"तू येऊन रडली असती."

"रडली असती," तिने मान्य केलं. "कोणाच्या दारात उभं राहा लागते?"

"नाही."

"तुले रडू येते?"

"येते कधी कधी."

"ते लगन झालेल्यायलेही येते," आई सुपाकडे पाहत म्हणाली. मग बराच वेळ ती तुरीतून हात फिरवत राहिली. "आता हे सारं मी कोणाच्या नावावर टाकू?"

"माह्या," मी म्हणाले. मला हे बोलायचंच होतं. "मी केलं, आई. एकेक करून केलं. कोणी ताटात वाढून देल्लं नाही."

"तू केलं. कराची अक्कल कोठून आली?"

"वाचून. चांगल्या माणसायच्या संगतीनं. पडून, उठून."

"मले नको शिकवू. मी लगन मागतलं होतं, अन् आजही कोणी धड भेटला तं मी नाही म्हणत नाही."

"आई."

"थांब. पण देवीच्या तोंडावर जाऊन मी असं नाही म्हणत, का तिनं माह्या पोरीले खाली हातानं ठेवलं. तेवढी बेइमान मी नाही." ती गुडघ्यावर हात टेकून उठली. "रोडगे करा. माठबीठ नको."

मी तिला सोडवायला म्हणून जे तयार करून नेलं होतं ते तिने फोलासारखं उडवून दिलं. माझ्या हिशोबाने मोकळं व्हायचं असेल तर तिला म्हणावं लागलं असतं, की माझ्या पोरीच्या वाट्याला काहीच आलं नाही. ते म्हणायला ती तयार नव्हती. इतकी वर्षं मी जे सगळ्यांना पटवत होते ते आईने न पटवून घेताच, केवळ देवीशी इमानाने वागायचं म्हणून मान्य केलं. मला यात काही वावगं दिसत नाही. आपलं भलं झालं हे समोरच्याने कोणत्या दाराने आत येऊन मानावं, हे आपण ठरवू नये.

दादाला मात्र हे पटलं नाही.

"लोक इचारतीन, रोडगे कायचे," तो संध्याकाळी म्हणाला. "काय सांगू?"

"खरं सांग."

"काय खरं? बहिणीचं लगन झालं नाही म्हणून जेवाले या?"

"बहिणीचं चांगलं झालं म्हणून."

"तसे रोडगे कोणी आयकले हायेत काय? पोराच्या परीक्षेचे हायेत म्हणून सांगतो मी."

"मग मी येत नाही," मी म्हणाले. "माह्या जगण्याचे रोडगे दुसऱ्याच्या नावावर खपवायचे नाही."

"तुह्याशी बोलण्यात अर्थ नाही."

"खोटं नको सांगू," आई आतून म्हणाली. "सांगाची लाज वाटते तं काहीच नको सांगू. जेवाले बोलाव फक्त."

दादा उठून गेला. वहिनी माझ्याजवळ आल्या. "ताई, ते येतीन. तुमी यादी करा."

यादी करायला मला दोनदा सांगावं लागत नाही. जाडसर दळलेली कणीक, गोवऱ्या, वांगी, तुरीचं वरण, तूप, गूळ, नारळ, पत्रावळी, पाण्याची टाकी, बसायला सतरंज्या, आईसाठी खुर्ची. त्याखाली कामं, भाजण्यापासून गाठ सोडण्यापर्यंत, आणि प्रत्येक ओळीसमोर कोण करणार त्याचं नाव. भाजण्यासमोर मी दादाचं नाव लिहिलं आणि त्याला न विचारता भिंतीला चिकटवलं.

ठरल्या रविवारी सकाळी मी नाल्याकाठी गेले तेव्हा दादा आधीच आलेला होता. गोवऱ्या रचून, त्यांना विस्तू लावून तो उकिडवा बसला होता.

"आला?" मी विचारलं.

"आगीशी माह्यं भांडण नाही," तो म्हणाला. "तुमाले भाजता येते काय? बाहेरून कोळसा अन् अंदर कच्चे."

त्याचं खरं होतं. रोडगे भाजण्यात त्याचा हात वलगावात कोणी धरत नाही. निखारा कधी पसरायचा आणि गोळा कधी उलटायचा हे त्याला राखेच्या रंगावरून कळतं. तो दिवसभर माझ्याशी एवढंच बोलला, पण एकही रोडगा कच्चा निघाला नाही.

आसरामायेचं ठाणं म्हणजे निंबाखाली शेंदूर लावलेल्या शिळा, मंदिर नाही. पंचवीसतीस माणसं आली. मंडळातल्या चौघी अकोल्याहून पहिल्या बसने आल्या आणि आल्याबरोबर वांगी चिरायला बसल्या. औषधाच्या दुकानवालीने एकदम तिखटाचा डबा ताब्यात घेतला, तेव्हा वहिनींनी तो काढून घेतला.

मावशी शेवटी आली. तिच्या हातात मोठी पिशवी होती. पूजा मांडताना तिने ती हळूच माझ्या पाटाच्या उजव्या बाजूला ठेवली आणि कापड जरा बाजूला केलं. आत माठ होता. नवा, लहानसा, गळ्यात झेंडूची माळ घातलेला.

"मावशी, हे काय?"

"राहू दे बाजूले. कोणाले दिसते?" मावशी कुजबुजली. "पहिला रोडगा जोड्यानं वाहायचा असते. एकटीनं वाह्यलेला देवीले चालते काय? तू हार नको घालू, मीच घालून आणला."

मी माठ बाहेर काढला. चांगला होता, ठोकून पाहिला तर आवाज खणखणीत. गळ्यातली माळ काढून शिळेवर वाहिली. माठ टाकीच्या नळाखाली नेऊन विसळला, भरला, आणि पंगत बसणार होती तिथे निंबाच्या सावलीत ठेवून वर पेला पालथा घातला.

"मायबाई!" मावशी म्हणाली.

"वहिनी म्हणाल्या होत्या ना, पाणी थंड देते," मी म्हणाले. "देऊ दे."

दादा आगीजवळ खोकला. खोकलाच असेल, पण त्याचे खांदे हलत होते.

पाटावर येऊन बसले. उजवी बाजू रिकामी होती. मी पहिला रोडगा हातात घेतला. गरम होता, राखेचा वास येत होता. मी एकटीनेच वाहायचं ठरवून आले होते, मनाची पुरती तयारी करून. तेवढ्यात मागून आईचा आवाज आला.

"सरक."

ती खुर्चीवरून उठून आली होती. मी सरकले. माझा खांदा धरून ती खाली बसली, बसताना हुश्श केलं, आणि रोडग्याखाली माझ्या हाताला आपला हात लावला. मग देवीकडे पाहून, शेजारच्या बाईशी बोलावं तशा आवाजात म्हणाली:

"मागतलं ते तू देल्लं नाही. देल्लं ते म्या मागतलं नव्हतं. तरी बी मी खाली हातानं नाही आली. घे."

आम्ही रोडगा वाहिला. मला वाटतं, देवीला इतकं सरळ कोणी त्या निंबाखाली बोललं नसेल.

पंगतीत दादाच्या शेजारच्या वावरवाल्याने विचारलंच. "काय बाप्पा, कायचे रोडगे हायेत? कोणाचं लगन जुळलं काय?"

दादाचा हात तुपाच्या भांड्यावर थांबला. मी तोंड उघडणार तेवढ्यात आई खुर्चीवरून म्हणाली, "कोणाचंच नाही. माह्या पोरीचं बरं चाललं हाये, त्याचे हायेत. जेव."

"लगन न होता?"

"न होता. तुले तूप पायजे का नाही?"

त्याला तूप पाहिजे होतं. दादाने वाढलं, जरा जास्तच वाढलं. विषय तिथे संपला. पाणी सगळ्यांनी माठातलं प्यायलं, मावशीनेही.

भांडी घासून, विस्तव विझवून, सतरंज्या झटकून आम्ही घरी आलो. संध्याकाळची गाडी अजून यायची होती. आईने हातपाय धुतले आणि देवघरासमोर बसली. देवांच्या मागून तिने ती चिंधी काढली. मी तिच्यासमोर बसले. वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या.

आईने गाठीवर नख लावलं. फिरवून पाहिली. पुन्हा नख लावलं. मग हात मांडीवर ठेवला.

"आज हात दुखून राह्यले," ती म्हणाली.

"मी सोडू?"

"तू मारली होती काय?"

"नाही."

"मंग."

तिने चिंधी परत देवांच्या मागे ठेवली. तिचे हात खरंच दुखत असतील. सकाळपासून तिने कणकेलाही हात लावला होता, नको म्हटलं तरी. किंवा दुखत नसतीलही.

"राहू द्या ताई," वहिनी म्हणाल्या, "कोणी भेटला तं पुन्हा बांधा लागन." आई हसली. मीही हसले. पण गाठ काही सुटली नाही.

अकोल्याच्या गाडीत बसल्यावर मी भिंतीवरून सोडवून आणलेली यादी काढली. कणीक, गोवऱ्या, वांगी, पत्रावळी, भाजणे, वाहणे, पंगत, आवराआवर, सगळ्यांवर खूण झाली. दादाच्या नावासमोर तर मी दोनदा केली. शेवटची ओळ मोकळी आहे. गाठ सोडणे. समोर नाव आईचं. पोळ्याला वलगावला जायचं आहे, तेव्हा विचारणार आहे.